खोक्यावरचा तीनशेचा आकडा

रिकामं पिंप विकत घेताना मी आधी त्याच्या बुडाला बोटांच्या पेरांनी वाजवतो. आतून गंजलेलं पिंप भद्द वाजतं, चांगलं पिंप खणखणतं. वरचा रंग, चिकटवलेलं लेबल, विकणाऱ्याने घेतलेली देवाची शपथ, यांतलं काहीही मी धरत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतून खाली उतरलो तेव्हा माझ्याकडे भांडवल नव्हतं, फक्त संशय होता. महाडच्या एमआयडीसीतून रिकामी पिंपं उचलायची, धुवायची आणि विकायची, या धंद्यावर मी घर उभं केलं ते त्या संशयाच्या जोरावर.

राउटर वाजवून बघता येत नाही. तिथेच माझी पंचाईत झाली.

गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. माझ्या बायकोच्या धाकट्या भावाचं बाजारपेठेत कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने काउंटरवर राउटरची दोन खोकी ठेवली. एकावर चोपन्नचा आकडा होता, दुसऱ्यावर तीनशेचा.

"भावोजी, हा चोपन्नचा घ्या. घरापुरता पुष्कळ झाला."

"आणि तो?"

"तो तीनशेचा. त्यात दोन बँड आहेत, एक दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झचा आणि एक पाचचा. पण तुम्हाला त्याची गरज नाही."

बाजारात कुणी मला 'तुम्हाला गरज नाही' म्हटलं की मी थांबतो. चांगला माल मागे ठेवायचा आणि पडून राहिलेला पुढे करायचा, ही विकणाऱ्याची जुनी चाल आहे. मी स्वतःही ती केलेली आहे. त्यात हा मेहुणा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांच्या घरात 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं, आणि हा आतल्या खोलीत तोंडावर हात दाबून हसला. ते मी पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. पुढे त्यांच्या प्रत्येक कार्यात माझी ओळख 'आमचे भावोजी, पिंपवाले' अशीच व्हायची. मला धंद्याची लाज नाही. पण ते सांगताना तो दरवेळी समोरच्याकडे बघून एक भुवई जरा उचलायचा, त्या भुवईचा हिशोब अजून व्हायचा आहे.

मी म्हटलं, "तीनशेचाच काढ."

"अहो, पण..."

"काढ. भाव सांग."

त्याने सांगितला. मी निम्मा म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला, मी उठल्यासारखं केलं, आणि तो मी मनात धरलेल्या भावाच्याही खाली आला. खोकं घेऊन बाहेर पडलो, पेठेतल्या चढावर आलो तरी मला चैन पडेना. जो भाव इतक्या सहज तुटतो, त्या मालात काहीतरी असतं.

हे सगळं होतं सुनेसाठी. सून पोलादपूरची. लग्नाआधी ती पुण्याला एका कंपनीत होती. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झाल्यावर काय काय सापडलं ते तोंडी बोलून ठेवतात. तो आवाज कंपनीकडे येतो, आणि या मुली कानाला हेडफोन लावून तो ऐकत ऐकत टाइप करतात. पायाखाली शिलाई मशीनसारखं एक पेडल असतं, ते दाबलं की आवाज चालतो, सोडलं की थांबतो. लग्नानंतर कंपनीने तिला घरून काम करू दिलं, पण एका अटीवर. पावसाळा संपेपर्यंत बघू म्हणाले. फाइली वेळेत आल्या तर घरूनच कायम. नाहीतर पुण्याला येऊन खुर्चीवर बसा.

मुलगा इथेच एका कारखान्यात शिफ्टला जायचा. सून पुण्याला गेली की तोही जाणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चाकणच्या बाजूला त्याला उद्या नोकरी मिळाली असती. मग एवढ्या घरात मी आणि बायको, दोघंच समोरासमोर बसून भाकरी खाणार. म्हणून तो राउटर घ्यायला मी स्वतः गेलो होतो, मुलाला पाठवलं नव्हतं.

आमची घरं दोन. पुढचं जुनं, माडीचं. मागचं मुलाच्या लग्नाच्या वेळी बांधलेलं, खांबांवर उचललेली एक मोठी खोली आणि खाली शेड. मध्ये अंगण, अंगणात फणस. महाडात नदीचं पाणी कधी घरात येईल याचा नेम नसतो, त्यामुळे टेलिफोन पहिल्यापासून जुन्या घराच्या माडीवर. राउटर त्याच्याशेजारी, पश्चिमेच्या खिडकीत ठेवला. खिडकीसमोर अंगण, अंगणापलीकडे सुनेची खोली. मेहुणा स्वतः येऊन सगळं जोडून गेला. जाताना म्हणाला, "तरी एक वायर ओढून घ्या भावोजी. माडीवरून त्या खोलीत. कायमची कटकट मिटेल."

"वायरलेस विकलंस आणि आता वायर ओढ म्हणतोस?"

तो हसला आणि चहा पिऊन गेला.

वैशाखभर काम झकास चाललं. एकच गोष्ट मला खटकली. दुकानात त्याच्या लॅपटॉपवर आमच्या राउटरची दोन नावं दिसली होती, दोन बँडची दोन. सुनेच्या लॅपटॉपवर एकच दिसत होतं. मी फोन लावला.

"दुसरा बँड कुठाय?"

"आहे ना. पण सूनबाईच्या लॅपटॉपला पाचचा दिसत नाही. जुना आहे तो. त्याला दोन पॉइंट चारच कळतो."

"म्हणजे अर्धा माल माझ्या घरात असून आंधळा?"

"मी म्हटलं होतं भावोजी, गरज नाही."

बघा. विकतानाच तो पुढच्या भांडणाचं उत्तर तयार ठेवून बसला होता.

मिरग लागायच्या आधी आम्ही दरवर्षीप्रमाणे पावसाळ्याची तयारी केली. आमच्याकडे पाऊस उभा पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो, आणि ती झड भिंतीत शिरली की घर गणपतीपर्यंत ओलं राहतं. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला जो तो काहीतरी बांधतो. कुणी झावळ्या, कुणी प्लॅस्टिक. माझ्याकडे पिंपं फाडून सरळ केलेले पत्रे असतात, ते मी वरपासून खालपर्यंत ठोकतो, खिडकीवरूनसुद्धा. चार महिने ती खिडकी तशीही उघडत नाही. मग तळमजल्यावरचं सामान माडीवर जातं: तांदळाची पोती, गाद्या, बायकोच्या ट्रंका, मिक्सर, देव. माडीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय असं नाही. आमच्यासाठी ते पावसाचाच भाग आहे.

पत्रे ठोकत होतो त्या दिवशी मेहुणा बहिणीला काही पोचवायला आला होता. छत्री घेऊन अंगणात उभा राहिला, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "यंदा लवकर चढवलेत." मी शिडीवर होतो. हं म्हटलं.

पाऊस लागला आणि सुनेची पहिली फाइल हातची गेली.

तिचं काम असं की फाइल उघडली की ती तिच्या नावावर लागते. मध्येच कनेक्शन तुटलं आणि ठरलेल्या वेळेत परत जोडलं नाही तर ती काढून दुसऱ्या मुलीला देतात, आणि हिच्या नावापुढे खूण. त्या दिवशी एका हाडाच्या डॉक्टरची फाइल होती. तीन चतुर्थांश टाइप झाली होती. ती खोलीतून बाहेर आली, हेडफोन गळ्यात तसाच, आणि कठड्याला धरून पाऊस बघत राहिली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी आधी टेलिफोनवाल्यांवर गेलो. लाइनमनला घरी आणला. त्याने माडीवर पोत्यांमधून वाट काढत सुनेचा लॅपटॉप वायरने थेट जोडला. काम धो धो चाललं.

"लाइन चोख हाय शेठ," तो म्हणाला. "तुमचा डबा बघा."

डबा म्हणजे राउटर. म्हणजे मेहुणा.

मी राउटर काढला, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधला आणि भर पावसात दुकानात गेलो. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी मुद्दाम मोठ्याने बोललो.

"हा तुझा तीनशेचा. अंगण ओलांडता येत नाही याला."

त्याने शांतपणे तो जोडला. लॅपटॉपवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरल्या. इथे जसा काही साळसूद.

"बघा," तो म्हणाला. "चालू आहे."

"इथे चालेलच. मालक ओळखतो तो."

गिऱ्हाइकं हसली. मेहुण्याचे कान लाल झाले, ते पाहून मला जरा गार वाटलं. मग मी विचारलं, "तारेतून आमच्याकडे किती येतं?"

"दोन. दोन एमबीपीएस."

"आणि खोक्यावर?"

"तीनशे."

"मग मधले दोनशे अठ्ठ्याण्णव कुठे गेले?"

"भावोजी, तीनशे म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांच्यातला वेग, तोही कागदावरचा. बाहेरून दोनच येतात. चोपन्नचा घेतला असतात तरी दोनच आले असते. म्हणून तर..."

"गरज नाही म्हणालास. ठाऊक आहे. दुकानात आहेत तेवढे सगळे राउटर काढ."

तो नको म्हणत होता. मी स्टुलावर बसलो आणि उठणार नाही म्हणालो. शेवटी त्याने एकेक जोडला, आणि मी त्याचा नवा लॅपटॉप छातीशी धरून, वर छत्री धरून, दुकानातून निघून समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत असा प्रत्येक राउटरमागे फिरलो. पिंपं घेताना मी लॉटमधलं एकूण एक वाजवतो. इथे कांड्या मोजल्या. लोक बघत होते. बघू देत. चोपन्नचा आणि तीनशेचा, दोघांचाही दोन पॉइंट चार गल्लीच्या तोंडापर्यंत जवळजवळ सारखाच पोचला. पाचचा बँड दुकानात सर्वांत जोरात होता, पण भांड्यांच्या दुकानाच्या भिंतीआड गेलो की मेला.

ते मला लगेच कळलं. शिमग्यात पालखी खालच्या वाडीतून निघते तेव्हा वर आमच्या वाडीत आधी ढोल पोचतो. सनई कितीही तेज असली तरी ती डोंगराचं वळण संपून पालखी समोर आल्यावरच कानावर येते. दोन पॉइंट चार म्हणजे ढोल, पाच म्हणजे सनई. कमी कंपनांचा आवाज लांब जातो, जास्त कंपनांचा जवळच्याजवळ संपतो. हे एवढं सोपं होतं आणि या माणसाने मला ते खोकं विकताना एका वाक्यात सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी भावात गुंतलो होतो? नाही, सांगितलं नव्हतं.

"घरी काही बदललंय का?" त्याने विचारलं. "नवीन कपाट, नवीन भिंत, काही?"

"काही नाही."

"नीट आठवा."

"माझ्या घरात काय बदललंय ते मला ठाऊक नसेल का?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग राउटर परत पिशवीत घातला. "मग वायर ओढा," तो म्हणाला.

मी वायर ओढली नाही. ओढली असती तर त्याचंच खरं झालं असतं, आणि आमच्या बाजूला वीज पडते तेव्हा लांब तारेला धरून येते हेही खोटं नाही. सून दोन दिवस माडीवर पोत्यांमध्ये बसून काम करायला गेली. खाली बायकोचं कांडण, येणारी-जाणारी माणसं, पत्र्यावर पावसाचा ताशा. डॉक्टर काय म्हणतोय तेच तिला ऐकू येईना. एक औषध दुसरंच टाइप झालं आणि कंपनीकडून दुसरी खूण आली. ती परत मागच्या खोलीत गेली. तिथे शांत होतं, पण कांड्या कधी एक, कधी शून्य.

मुलगा जेवताना गप्प असायचा. एकदा मी त्याला फोनवर विचारताना ऐकलं, "भोसरीत वन रूम किचन काय भावाने पडेल?" मला बघून त्याने विषय बदलला. त्या दिवसापासून मला एक वाईट शंका यायला लागली. हे दोघंच तर काही करत नसतील? पुण्याला जायला निमित्त हवं म्हणून? सून राउटरचा पासवर्ड जाणते, बटणं जाणते. मी दोन-तीनदा ती काम करत असताना न सांगता जिना चढून गेलो. ती दरवेळी कामातच होती, पेडलवर पाय, डोळे मिटलेले. एकदा तिने डोळे न उघडताच विचारलं, "चहा हवा का बाबा?" मी खाली आलो.

मग माझं लक्ष मागच्या बाजूला गेलं. सुनेच्या खोलीच्या पलीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे चाचांचं घर. चाचा म्हणजे जुना शेजार. त्यांचे ट्रक माझी पिंपं वाहायचे. त्यांचा मुलगा मस्कतला. या वर्षी त्यांच्या माडीवरही कॉम्प्युटर आला होता आणि मस्कतशी तोंड बघून बोलणं चालायचं. आमचं बंद पडायला आणि त्यांचं सुरू व्हायला एकच गाठ पडली होती. दोन बादल्यांचं पाणी एका विहिरीतून निघालं तर दुसरी बादली कमी भरणारच. मी छत्री घेऊन कुंपणाशी गेलो. चाचा शेडमध्ये खाटेवर बसले होते.

"चाचा, मस्कतचं बोलणं जोरात चाललंय हल्ली."

"हाय ना. पोरगा समोर दिसतो. नातवाला दात आलाय, तो पण दाखवला त्याने."

"कुणाच्या वायरलेसवर?"

चाचा एकदम उठून उभे राहिले. "काय म्हणालास?"

"विचारलं फक्त."

"विचारलं नाय, आळ घेतलास. अरे, आख्खी हयात ट्रक चालवले, कुणाच्या टाकीतलं थेंबभर डिझेल काढलं नाय, आणि आता म्हातारपणी तुझी हवा चोरू?"

"आमचं बंद पडलंय चाचा. पोरीची नोकरी जाईल."

"म्हणून मी चोर? आमचं आमचं वेगळं कनेक्शन हाय. आणि चोरायचं म्हटलं तरी चोरू कशी? उन्हाळ्यात आमच्या माडीवरून दिसायचं तुझं नाव. पाऊस लागल्यापासून ते पण दिसत नाय."

"माझं नाव?"

"तेच ते. पिंपवाला. इंग्लिशमध्ये लिहिलेलं. आमची पोरं हसायची, म्हणायची चाचांचा दोस्त हवेत पण धंदा करतो."

क्षणभर मला पाऊससुद्धा ऐकू येईना. राउटर जोडताना त्याला एक नाव द्यावं लागतं. ते मेहुण्याने दिलं होतं. म्हणजे उन्हाळाभर माझ्याच घरातून, माझ्याच विजेवर, आख्ख्या आळीला तो भुवई उचलून दाखवत होता.

मी तडक सुनेच्या खोलीत गेलो. ती काम थांबवून वर बघायला लागली.

"राउटरला काय नाव आहे ते तुला माहीत होतं?"

"हो बाबा."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मामांशी भांडला असता, मामा राउटर उचलून घेऊन गेले असते. मला काम करायचं होतं." तिने हेडफोन काढून ठेवला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी चाचांचं सांगितलं. माझा आवाज चढलेलाच होता. तिने मध्येच हात वर केला. माझ्या घरात मला असा हात कुणी करत नाही.

"थांबा बाबा. चाचांना उन्हाळ्यात दिसायचं आणि आता दिसत नाही?"

"तेच सांगतोय ना. बदनामी झाली."

"बदनामी राहू दे. म्हणजे फक्त माझ्याच खोलीत नाही, अंगणाच्या या सगळ्या बाजूला काही पोचतच नाही. राउटरचा सिग्नल बाहेरच पडत नाहीये घरातून."

तिला कंपनीने सकाळीच कळवलं होतं की यापुढे एक जरी फाइल गेली तरी सोमवारी पुण्याला हजर व्हा. हे तिने मला तेव्हा सांगितलं, लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत असताना. मी छत्री धरली, तिने लॅपटॉप धरला, आणि आम्ही दोघं अंगणात उतरलो. पुढच्या घराच्या दाराशी, जिथे जिना वर माडीवर जातो, तिथे कांड्या भरलेल्या. दारातून घराला वळसा घालून पश्चिमेला आलो, कोपरा ओलांडला, आणि कांड्या एकदम गेल्या. मागे कोपऱ्याशी गेलो, आल्या. पुढे आलो, गेल्या. आमच्या समोर पत्र्याची भिंत होती. पिंपाचा जाड पत्रा, एकावर एक चढवून ठोकलेला, आणि बरोबर त्याच्या मागे, आतल्या बाजूने, खिडकीत राउटर.

मी पत्र्यावर पेरांनी वाजवलं. खणखणीत होता. माल माझाच, उत्तमच असणार.

ज्या गोष्टीतून रसायनसुद्धा बाहेर झिरपत नाही तिच्यातून हा बारीकसा आवाज कसा जाणार होता? ढोल डोंगर चढतो, पण ढोलच पिंपात कोंबून झाकण लावलं तर?

"शिडी धर," मी म्हटलं.

बायको दारात आली. "अहो, काय करताय? झड हाय बाहेर!"

"पत्रे काढतोय."

"या पावसात? भिंत पार उतरेल. आत सगळी पोती हायत, तांदूळ हाय, माझ्या ट्रंका हायत!"

"ट्रंका सरकव."

"आणि भिंत कुठे सरकवू?"

सून खालून शिडी धरून उभी होती, चष्म्यावरून पाणी गळत. तिने सासूकडे पाहिलं. बायकोने तिच्याकडे पाहिलं, आणि मग आत वळून स्वतःच ट्रंका ओढायला लागली. मला वाटतं, भोसरीतल्या खोलीचं फोनवरचं बोलणं तिनेही ऐकलं होतं.

खिडकीवरचे पत्रे काढायला फार वेळ लागला नाही. खिळे मीच ठोकले होते, कुठे आहेत ते ठाऊक होतं. शेवटचा पत्रा खाली टाकला तसा खिडकीवर पाण्याचा सपकारा बसला. सून जिना चढून आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने वरून तिचा आवाज आला, "बाबा, चार!" चार कांड्या. मग दार लागलं आणि पेडलची टकटक सुरू झाली. त्या आठवड्यात एकही फाइल गेली नाही. खिडकीवर मी ताडपत्री बांधली, प्लॅस्टिकमधून सिग्नल जातो. खिडकीभोवती उघड्या पडलेल्या भिंतीला ओल आली, माडीवर दोन पोती कुबट झाली आणि बायकोने ते तांदूळ मला महिनाभर वाढले.

गौरी-गणपतीला मेहुणा जेवायला आला. हात धुवायला अंगणात गेला, भिंतीकडे बघून थांबला आणि म्हणाला, "अखेर काढलेत."

अखेर. तो एक शब्द मला गिळता आला नाही. अखेर म्हणजे तो वाट बघत होता. मी शिडीवर असताना पत्र्याला टिचकी मारून गेला तेव्हाच त्याला कळलं होतं का?

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"शंका होती. म्हणून तर विचारलं ना दुकानात, काही बदललंय का."

"पत्रे म्हणाला नाहीस."

"मी म्हटलं असतं, भावोजी, तुमच्या पिंपांचे पत्रे काढा. तर तुम्ही काढले असतेत?"

बायको आतून म्हणाली, "मोदक गार होतायत." सून पान वाढत होती, तिने माझ्या पानात आणखी एक वाढला, न विचारता. मी मोदक फोडून त्यावर तूप घेतलं. राउटरच्या नावाचं त्या दिवशी काढलं नाही, सणाचा दिवस होता. पण मी ते सोडलेलं नाही. हा माणूस सुनेच्या दोन खुणा उघड्या डोळ्यांनी बघत गप्प बसला, का तर माझ्या तोंडून 'चुकलं' ऐकायला. असं मला वाटतं. बायको म्हणते, तो तुम्हाला घाबरतो. दोन्हींतलं खरं काय, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

दसऱ्याच्या आधी कंपनीने सुनेला घरून कायम केलं. मुलाने भोसरीचा विषय परत काढला नाही.

पुढच्या वर्षी वैशाखात पश्चिमेच्या भिंतीचा प्रश्न परत उभा राहिला. मेहुण्याचा निरोप आला की फायबरचे पारदर्शक पत्रे मिळतात, त्यातून सगळं आरपार जातं, माझ्या ओळखीचं दुकान आहे, स्वस्तात करून देतो. मी निरोपाला उत्तर पाठवलं नाही. सुनेला टेम्पोत पुढे बसवलं आणि पोलादपूरला गेलो, जिथे त्याची ओळख पोचत नाही. दुकानदाराने फायबरच्या पत्र्यांचा भाव सांगितला. जास्त होता, मला ठाऊक होतं की जास्त आहे. सूनही बघत होती, आता बाबा स्टुलावर बसणार म्हणून.

मी म्हटलं, "ठीक आहे, बांधा." आणि पत्रे टेम्पोत चढवायला लागलो.